पेव आणि कणगी

फेब्रुवारी उजाडला की आमच्या धर्मग्रामात एक निराळाच ऋतू सुरू होतो. शिवारात शाळूची कणसे भरलेली असतात, हरभरा काढणीला आलेला असतो, परभणीच्या उन्हाला दुपारी धार येऊ लागलेली असते. आणि रविवारची मिस्सा आटोपली की मंदिराच्या पायऱ्यांवर नोकरदार मंडळी हातात कागद घेऊन उभी राहतात. आमची कुटुंबे थोडी. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, कुणी इस्पितळात परिचारिका, कुणी कृषी विद्यापीठात, कुणी पूर्णेला रेल्वेत. फेब्रुवारीच्या पगारातून आयकराची उरलेली रक्कम कापली जाणार असते आणि त्यापूर्वी गुंतवणुकीचे पुरावे कार्यालयात द्यायचे असतात. मग प्रश्न सुरू होतो : "फादर, वर्गणी वाढवून टाकू का? कर तरी वाचेल."

वास्तविक हा प्रश्न धर्मगुरूला विचारण्याचा नव्हे. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकविले, ईशज्ञान शिकविले, मरणाऱ्याच्या उशाशी कसे बसावे हेही शिकविले; परंतु पगारपत्रक कसे वाचावे हे कुणी शिकविले नाही. तरीही खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसाला शहरात विश्वासाने कागद दाखवावा अशी ठिकाणे फार नसतात. म्हणून तो आमच्याकडे येतो, आणि आम्हीही वर्षानुवर्षे, थोडेसे वाचून व थोडेसे ऐकून, त्याला उत्तरे देत आलो. त्यांतील एका उत्तराने आम्हांला पुष्कळ शिकविले. ती हकिकत सांगण्यासाठी आज लेखणी हाती घेतली आहे.

आमच्या तरुणपणी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. १९९० च्या दशकात भविष्य निर्वाह निधीवर व सार्वजनिक भविष्य निधीवर, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या पीपीएफवर, दरसाल १२ टक्के व्याज मिळे. शिवाय आयकर कायद्याच्या कलम ८८ नुसार ठरावीक मर्यादेत भरलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा थेट करातूनच वजा होई. शंभर रुपये भरले की वीस रुपये कर कमी. वर बारा टक्के व्याज. आणि त्या व्याजावरही कर नाही. ज्या गुरुजींनी त्या काळी पोटाला चिमटा घेऊन वर्गणी वाढविली त्यांनी निवृत्तीच्या वेळी त्या पैशावर घरे बांधली, मुलींची लग्ने केली. त्यांचे ते शहाणपण खोटे नव्हते. पण शहाणपणालाही काळवेळ असते, हे आम्ही ध्यानात घेतले नाही.

पुढे दिवस पालटले. २००५ साली कलम ८८ जाऊन त्याच्या जागी ८० सी आले. आता रकमेचा पाचवा हिस्सा करातून वजा होण्याऐवजी भरलेली रक्कम उत्पन्नातून वजा होऊ लागली. म्हणजे ज्याचा कराचा दर मोठा त्याचा फायदा मोठा, आणि ज्याचा दर लहान त्याचा लहान. एक लाखाची मर्यादा २०१४ साली दीड लाख झाली. व्याजदर मात्र पायरी पायरीने खाली आले. एप्रिल २०२० मध्ये ते ७.१ टक्क्यांवर आले आणि तेथेच थबकले. त्याच २००५ साली आणखी एक मोठी गोष्ट घडली. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर शासकीय सेवेत, जिल्हा परिषदेत अथवा अनुदानित शाळेत लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. त्यांच्या पगारातून दहा टक्के कपात सुरू झाली आणि सरकारने आपला हिस्सा घालायचा असे ठरले. एकाच शाळेत, एकाच फळ्यापुढे उभे राहणाऱ्या दोन शिक्षकांपैकी एकाला म्हातारपणी ठरलेली पेन्शन, तर दुसऱ्याला बाजाराच्या भरती-ओहोटीवर अवलंबून असलेली पुंजी. १४ मार्च २०२३ रोजी राज्यभर संप सुरू झाला, आठवडाभर कार्यालये व शाळा ओस पडल्या, त्यामागे हीच ठसठस होती. २०२४ मध्ये राज्य शासनाने सुधारित योजनेचा पर्याय पुढे केला : नियत सेवा पूर्ण झाल्यास अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन व त्यावर महागाई वाढ. संपाने सारे मिळाले असे नाही. पण म्हातारपण हा विषय घराघरांत बोलला जाऊ लागला.

आता आमची हकिकत. फेब्रुवारी २०१६. त्या वर्षी मराठवाड्यात लागोपाठ पाऊस हुकला होता. पुढे एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते हेच वर्ष. आम्ही कुठलेसे माहितीपत्रक वाचले होते आणि उत्साहात होतो. एका रविवारी मिस्सेनंतर नोकरदारांची बैठक घेतली आणि फळ्यावर आकडे मांडून सांगितले की, ८० सीची मर्यादा ज्यांची भरलेली नाही त्यांनी ३१ मार्चपूर्वी पीपीएफमध्ये रक्कम भरावी. कर वाचतो, व्याज मिळते, म्हातारपणाची काठी होते. श्रोत्यांत एक तरुण शिक्षक होते. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणतो. बैठकीनंतर चार दिवसांनी त्यांनी पोस्टात खाते उघडले आणि घरात होती नव्हती ती ६० हजारांची शिल्लक त्यात भरली. आम्हांला पासबुक आणून दाखविले. आम्ही त्यांची पाठ थोपटली.

जूनमध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. शुल्क एकरकमी भरायचे होते. गावी थोरला भाऊ शेती पाहत असे. त्या वर्षी सोयाबीन गेलेले, कापूस गेलेला, विहिरीला पाणी नाही. ज्या घरात एकच पगार असतो त्या घरात तो पगार एका माणसाचा कधीच नसतो, ही गोष्ट मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पतसंस्थेचे एक कर्ज डोक्यावर होतेच. पीपीएफच्या नियमांप्रमाणे पहिली दोन वर्षे त्यावर कर्जही निघत नाही, आणि काही रक्कम काढायची तर सातव्या वर्षापर्यंत थांबावे लागते. शेवटी गुरुजींनी एका खासगी माणसाकडून ६० हजार उचलले. भाव शेकडा तीन रुपये; म्हणजे महिन्याला १,८०० रुपये आणि वर्षाला २१,६०० रुपये व्याज.

हे आम्हांला त्यांनी सांगितले नाही. पुढच्या वर्षी आगमनकाळात घरभेटीला गेलो असताना त्यांच्या पत्नीने चहा पुढे ठेवता ठेवता सांगितले. तक्रारीचा सूर नव्हता. गुरुजी ओशाळून म्हणाले, "जाऊ द्या फादर, तुम्ही आमच्या चांगल्यासाठीच सांगितलं होतं." आम्ही घरी आलो आणि कागद घेऊन बसलो. त्यांच्या उत्पन्नाला त्या वर्षी दहा टक्क्यांचा दर होता. उपकरासह त्यांचा कर वाचला ६,१८० रुपये. ६० हजारांवर त्या वर्षीच्या ८.१ टक्क्यांनी व्याज झाले सुमारे ४,८०० रुपये. दोन्ही मिळून ११ हजार रुपये हाती लागले, आणि त्यासाठी वर्षाला २१ हजार ६०० रुपये गेले. फळ्यावर आम्ही फक्त पहिला आकडा लिहिला होता. घरात आणखी काय आहे, गावी कोण आहे, पुढच्या सहा महिन्यांत काय यायचे आहे, हे आम्ही विचारलेच नव्हते.

त्या रात्री आमच्या मनाला जी गोष्ट लागली ती आकड्यांची नव्हती. आम्ही धर्मगुरू. आम्हांला घरभाडे नाही, मुलाबाळांची फी नाही, सासुरवाडीचा आहेर नाही. आमच्या आजारपणाची व म्हातारपणाची तरतूद धर्मप्रांताने करावी असे ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायद्यातच सांगितले आहे. ज्याला स्वतः बाजार करावा लागत नाही, त्याने दुसऱ्याला भाव सांगताना जरा जपून बोलावे. आम्ही जपलो नव्हतो. पुढच्या रविवारी गुरुजींच्या घरी जाऊन आम्ही त्यांची क्षमा मागितली. ते फारच संकोचले. परंतु क्षमा मागितल्याने व्याज थांबत नाही. ते कर्ज फिटायला त्यांना पावणेतीन वर्षे लागली.

त्यानंतर आम्ही बराच काळ या विषयावर गप्प राहिलो. पुढे एकदा पालम तालुक्यातील एका गावी एका वृद्ध शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलो असताना त्यांनी जुन्या काळच्या पेवांची गोष्ट काढली. निबर जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, आतून कडबा व काड लावायचे, ज्वारी भरायची आणि तोंड माती-शेणाने लिंपून टाकायचे. पेव म्हणजे वाईट वर्षासाठी ठेवलेले धान्य. पण ते रोजच्या भाकरीसाठी नव्हे. पेव उघडले की आतली कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यावी लागते. आधी दिवा सोडून पाहायचा, दिवा विझला तर माणसाने उतरायचे नाही. आणि एकदा उघडलेले पेव थोडे काढून पुन्हा लिंपून चालत नाही. ते रिकामेच करावे लागते. रोजच्यासाठी घरात कणगी असायची. "कणगी भरल्याबिगर पेव भरणारा माणूस येडा," म्हातारबाबा म्हणाले, "त्याला आखाडात उपास पडायचा."

आम्हांला आमच्या २०१६ च्या फळ्याचा अर्थ त्या ओसरीवर समजला. निवृत्तीसाठी अडकविलेला पैसा हे पेव आहे. ते असावे; ते नसणे हा निष्काळजीपणा आहे. परंतु हाताशी असलेला, बँकेतून उद्या सकाळी काढता येईल असा पैसा ही कणगी आहे, आणि तिचा नंबर पहिला. बायबलमध्ये योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत इजिप्तचे धान्य साठविले, त्याचे आपण कौतुक करतो. पण त्याने किती घेतले हे आपण विसरतो : पिकाचा पाचवा हिस्सा. चार हिस्से लोकांच्या घरात राहिले.

आता यंदाची गोष्ट. पूर्णा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका कागद घेऊन आल्या. आम्ही त्यांना बाई म्हणतो. २०१० साली सेवेत लागलेल्या, म्हणून जुनी पेन्शन नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे खाते आहे. पगार महिन्याला सुमारे ८० हजार, म्हणजे वर्षाला ९ लाख ६० हजार. शाळेतील सहकाऱ्याने त्यांना सांगितले होते की, दहा टक्के कपातीखेरीज आपणहून आणखी ५० हजार भरावेत, त्याला ८० सीच्या वर वेगळी वजावट आहे, १० हजार ४०० रुपये कर वाचेल. ही माहिती अगदीच चुकीची नव्हती. २०१५ पासून अशी जादा वजावट खरोखरच आहे, आणि वीस टक्क्यांच्या दरात उपकरासह ती तेवढीच भरते.

आम्ही विचारले, "बाई, तुमची करप्रणाली जुनी की नवी?"

बाईंना ते ठाऊक नव्हते. त्यांनी कार्यालयात काहीच लिहून दिले नव्हते. आणि येथेच सारी मेख आहे. २०२० साली नवी करप्रणाली आली, आणि २०२३-२४ पासून तीच मूळ प्रणाली ठरली. जो काही कळवीत नाही तो आपोआप नवीत धरला जातो. नव्या प्रणालीत दर कमी, परंतु ८० सीची वजावट नाही आणि ती ५० हजारांची जादा वजावटही नाही. आम्ही दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडले. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या प्रणालीत पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. बाईंचे करपात्र उत्पन्न ८ लाख ८५ हजार. कर शून्य. एक रुपयाही जादा न भरता शून्य. उलट जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, ८० सीचे पूर्ण दीड लाख आणि वरचे ५० हजार असे सारे वजा केले तरी करपात्र उरतात ७ लाख १० हजार, आणि कर होतो ५६ हजार ६८० रुपये.

बाई बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी पन्नास हजार भरून वाचवणार होते तो कर मला मुळात नाहीच?"

"नाही."

"मग भरूच नको का?"

या दुसऱ्या प्रश्नासाठी आम्ही दहा वर्षे थांबलो होतो, असे म्हटले तरी चालेल. आम्ही म्हणालो, "भरा किंवा भरू नका, बाई, पण करासाठी भरू नका. कर हे निमित्त गेले. आता म्हातारपणासाठी भरायचे असेल तर म्हातारपणाचाच विचार करून भरा."

मग आम्ही त्यांना २०१६ साली न विचारलेले प्रश्न विचारले. अचानक गरज पडली तर सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत आहे का? डोक्यावर कर्ज आहे का, आणि त्याचा दर किती? कारण पतसंस्थेला चौदा टक्के देणाऱ्याने सात टक्क्यांवर पैसा ठेवणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे. आधी कर्ज फेडावे, तीच त्याची उत्तम गुंतवणूक. घरातील सर्वांचा आरोग्य विमा आहे का? मुलांच्या शिक्षणाचा मोठा खर्च किती वर्षांवर आहे? सुधारित निवृत्तिवेतनाचा पर्याय निवडला आहे का, आणि त्यात काय मिळणार हे लेखी पाहिले आहे का? आणि शेवटी : हा पैसा निवृत्तीपर्यंत जवळजवळ कुलपात राहील, आणि शासकीय कर्मचाऱ्याच्या बाबतीत त्यावेळी किमान ४० टक्के रकमेची वार्षिकी, म्हणजे दरमहाची पेन्शन, विकत घ्यावी लागेल व त्या पेन्शनवर कर लागेल, हे मान्य आहे का?

बाईंची कणगी अर्धीच भरलेली निघाली. पतीचे लहानसे दुकान, त्याचे ८० हजारांचे कर्ज शिल्लक. थोरला मुलगा दहावीला. त्यांनी स्वतःच ठरविले : आधी दुकानाचे कर्ज, मग सहा महिन्यांची शिल्लक, आणि त्यानंतर दरमहा पाच हजार पीपीएफमध्ये, कारण त्या खात्यातून पुढे काही वर्षांनी थोडे तरी काढता येते. आम्ही फक्त होय म्हटले.

पाच हजारांचे काय होते तेही कागदावर मांडून पाहिले. ७.१ टक्के दर वीस वर्षे टिकला असे गृहीत धरले तर भरलेल्या १२ लाखांचे सुमारे २५ लाख ८० हजार होतात. आकडा मोठा दिसतो. परंतु महागाई दरसाल सहा टक्के धरली, तर त्या वेळी त्या रकमेत आजच्या भावाने आठ लाखांचाच बाजार होईल. म्हणजे बचत वाढते, पण तिची वाढ दिसते त्याहून पुष्कळ लहान असते. ज्याला हे आधी ठाऊक असते तो निराश होत नाही. ज्याला नंतर कळते तो स्वतःला फसविल्यासारखे मानतो.

येथे वाचकांच्या मनात येईल की, मग जादा वर्गणीला करदृष्ट्या काहीच अर्थ उरला नाही काय? तसेही नाही. ज्यांना मोठे घरभाडे आहे, गृहकर्जाचे मोठे व्याज आहे, अशा काहींना अजूनही जुनी प्रणाली परवडू शकते, आणि तेथे ८० सी व जादा ५० हजार यांचे मोल आहे. परंतु ते हिशेब करूनच ठरवावे. वर्षाला १८ लाख मिळविणाऱ्या प्राध्यापकाला २०२५-२६ मध्ये नव्या प्रणालीत कर पडतो १ लाख ५० हजार ८०० रुपये. जुन्या प्रणालीत नुसत्या या दोन वजावटी घेऊन पडतो २ लाख ८८ हजार ६०० रुपये. पगारदाराला दर वर्षी विवरणपत्र भरताना प्रणाली निवडता येते, म्हणून दर वर्षी दोन्ही हिशेब करावेत. दुसरे असे की, भविष्य निर्वाह निधीचे व पीपीएफचे व्याज नव्या प्रणालीतही करमुक्तच आहे. ज्यांच्या मुदत ठेवीच्या व्याजावर वीस-तीस टक्के कर लागतो त्यांना हा फायदा थोडा नव्हे. मात्र १ एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याची स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांहून अधिक, आणि जेथे मालकाचा हिस्सा नसतो तेथे पाच लाखांहून अधिक झाली, तर वरच्या रकमेच्या व्याजावर कर आहे. तिसरे, खासगी नोकरीत स्वेच्छेने वाढविलेल्या वर्गणीला मालकाने जोड देण्याचे बंधन नाही. ती वाढ सर्वस्वी आपल्या खिशातली. आणि एक सूचना : १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली असून १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख आहे. कलमांचे क्रमांक बदलले. ८० सी हे नाव तोंडात राहिले तरी कागदावर राहणार नाही.

येथवर लिहून हा लेख संपवावा असा आमचा विचार होता. परंतु ज्या दिवशी बाई आल्या त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, आणि ती गाळली तर आम्ही पुन्हा फळ्यावर एकच आकडा लिहिल्यासारखे होईल.

आमच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून सारे ऐकत होत्या. अठरा वर्षे त्या या घरात आहेत. आमच्याआधी दोन धर्मगुरूंना त्यांनी जेवू घातले. बाई गेल्यावर त्या आत आल्या, कपबशा उचलल्या आणि म्हणाल्या, "फादर, माझ्या पगारातून बी काही कापता येतंय का?"

आम्ही हसून विचारले, "कापायचे कशाला, मावशी? आहे तो पगारच थोडा."

"ज्याचं कापतेत त्याला म्हातारपणी मिळतंय म्हणतेत. माझं तर काहीच कापत नाहीत."

आम्ही निरुत्तर झालो. अठरा वर्षांत त्यांच्या नावाने कुठेही एक रुपया साठलेला नव्हता. कायद्याने आम्ही दोषी नव्हतो. भविष्य निर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे वीस माणसांच्या आस्थापनेला लागतो. ग्रॅच्युइटीचा कायदा दहांच्या. आमच्या घरी नोकरीला एकट्या मावशी. अटल पेन्शन योजनेत चाळिशीपर्यंतच शिरता येते. मावशी बावन्न वर्षांच्या. सगळ्या दारांवर पाटी होती, आणि प्रत्येक पाटी वाचून आम्ही निर्दोष सुटत होतो. पण ज्या टेबलाशी बसून आम्ही दहा वर्षे दुसऱ्यांच्या निवृत्तीचे हिशेब मांडले, ते टेबल रोज पुसणाऱ्या बाईचा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता.

पुढच्या महिन्यात धर्मग्राम समितीपुढे आम्ही विषय ठेवला. थोडी कुरकुर झाली. छपराची दुरुस्ती बाकी होती. २०१६ चे ते गुरुजी समितीवर आहेत. त्यांनीच शांतपणे सांगितले की, कायदा लागत नसला तरी ग्रॅच्युइटीचे माप आपण उसने घ्यावे : सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. महिन्याला सहा हजारांच्या हिशेबाने अठरा वर्षांचे सुमारे ६२ हजार होतात. ते दोन वर्षांत, चार हप्त्यांत, मावशींच्या नावे पोस्टात मुदत ठेवीत ठेवायचे ठरले. शिवाय दरमहा आवर्ती ठेव : पंधराशे धर्मग्रामाचे आणि पाचशे मावशींचे. त्यांचे पाचशे घेऊ नयेत असे आम्ही सुचविले, तेव्हा मावशींनीच हट्ट धरला. त्यांना कापून हवे होते.

पहिल्या हप्त्याचे पासबुक आम्ही त्यांच्या हाती दिले. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी ते उघडून बोटाने चाचपले आणि विचारले, "यात माझं कोणतं अन् तुमचं कोणतं?"

आम्ही म्हणालो, "मावशी, सगळे तुमचेच आहे."

त्यांनी पासबुक पदरात गुंडाळले आणि भाकरी टाकायला आत गेल्या. यंदाच्या फेब्रुवारीत त्या पायऱ्यांवर आम्ही जेवढे हिशेब केले, त्यांत कर वाचविणारा एकही नव्हता. तरी आमच्या मते ते वर्ष वाया गेले नाही.